पोरीचं अवशीद

विचुंब्याच्या नाक्यावर लागलेल्या फ्लेक्समध्ये माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप होता. मी डॉक्टर झाले ती उंदरांच्या सुजलेल्या पंजांवर प्रबंध लिहून. स्टेथोस्कोप मी आजवर फक्त माझ्या स्वतःच्या छातीला लागलेला पाहिला आहे, तोही खोकला वाढला की. पण फ्लेक्स छापणाऱ्याला हे कोण सांगणार? त्याला नावाआधी 'डॉ.' दिसलं आणि त्यानं आपल्याकडचा तयार स्टेथोस्कोप उचलून माझ्या गळ्यात टाकला. गाल मात्र पिवळेच ठेवले, कारण फोटो चुलत भावाच्या हळदीतला होता. डोक्यावर कुणाचा तरी गॉगलही होता. माझ्या भोवती गोल गोल चौकटींत सगळे काका, मामा, चुलत भाऊ, गळ्यात जाड चेनी घालून शुभेच्छा देत होते. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: सांधेदुखी व सूज यांवर रामबाण औषध शोधून काढल्याबद्दल आमच्या ताईचे हार्दिक अभिनंदन!

मी कॉलेजातून परत येत होते. नवीन पनवेलहून गाढी नदीचा पूल ओलांडून रिक्षा नाक्यावर आली आणि रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"मॅडम, ह्या तुमीच काय?"

"नाही," मी म्हटलं. "माझी बहीण."

मला बहीण नाही. पण त्या क्षणी मला ती हवी होती आणि सगळा फ्लेक्स तिच्या माथी मारून मी घरी पोचले.

घरी आम्ही दोघंच, बाबा आणि मी. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा तरुणपणी मिठागरात राबले, मग शेती केली, मग शेतीवर इमारती आल्या. आता त्यांच्याकडे उरली आहे ती एक पाग. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. त्याचा एक भाग खांद्यावर घ्यायचा, एक कडा दातांत धरायची, उरलेला दोन्ही हातांत, आणि अंगाला झोका देऊन असं फेकायचं की ते पाण्यावर पूर्ण उघडलं पाहिजे. बाबा गाढीच्या पात्रात पाग टाकताना पुलावरची माणसं मोटारसायकली थांबवून बघायची. मासे फारसे मिळायचे नाहीत, आणि नदीची आताची अवस्था बघता मिळाले तरी मी खायला द्यायचे नाही. पण रविवारी सकाळी पाग टाकली नाही तर बाबांचा आठवडा सुरू व्हायचा नाही.

काही वर्षांपूर्वी त्यांची बोटं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर मूठ मिटायची नाही, दुपारपर्यंत सदऱ्याचं बटण लावता यायचं नाही. पनवेलच्या सांध्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आमवात सांगितला. आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी सुरू केली. बाबा ती रविवारी घेत आणि तिला 'रविवारची गोली' म्हणत. सूज उतरली, पाग पुन्हा खांद्यावर चढली.

मी सूज हा विषय घेतला तो बाबांच्या बोटांमुळे, असं मी प्रवेशाच्या मुलाखतीत सांगितलं होतं आणि ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की त्या विषयाच्या मार्गदर्शकांकडे जागा रिकामी होती.

माझं काम सांगायला सोपं आहे. सांधा सुजतो तेव्हा शरीराच्या रक्षक पेशी तिथं जमतात आणि ऑक्सिजनची काही तापट रूपं बाहेर टाकतात. जंतू असतील तर ती जंतूंना मारतात. जंतू नसताना उगाच तयार झाली तर आपल्याच सांध्याची नासधूस करतात. त्यांना आवरायला शरीराकडे स्वतःची एन्झाइमं असतात, शाळेच्या पुस्तकात ज्यांना विकरं म्हणायचे ती. त्यांतलं एक या तापट ऑक्सिजनचं पेरॉक्साइड करतं, दुसरं त्या पेरॉक्साइडचं साधं पाणी आणि साधा ऑक्सिजन. मग हीच एन्झाइमं बाहेरून दिली तर सूज उतरेल का? तोंडानं दिली तर पोट त्यांना डाळीतल्या प्रथिनासारखं पचवून टाकतं. टोचली तर ती रक्तातून फार लवकर निघून जातात. म्हणून त्यांना चरबीच्या अगदी बारीक थेंबांत गुंडाळून द्यायचं. हे कितीतरी लोक कितीतरी वर्षं करत आहेत. मी गुंडाळायची पद्धत थोडी बदलली आणि उंदरांच्या पंजांची सूज थोडी जास्त उतरली. माझी डॉक्टरेट म्हणजे ते 'थोडी जास्त'.

हे बाबांना सांगायचं तर फजितीच. "तू दिसभर करतंस तरी काय?" असं त्यांनी एकदा विचारलं तेव्हा रविवार होता, मटण आलं होतं. मी कच्च्या कलेजीचा एक तुकडा बशीत ठेवला आणि जखम धुवायच्या बाटलीतलं पेरॉक्साइड त्यावर ओतलं. कलेजी फसफसून फेसानं झाकून गेली. बाबा खुर्ची सरकवून जवळ आले.

"ह्या काय झाला?"

"कलेजीत ते एन्झाइम असतं. त्यानं त्या पेरॉक्साइडचं पाणी केलं."

"म्हंजे इखाचा पानी केला?"

"तसंच."

"न् ह्या तू सांध्यान घालतंस?"

"उंदराच्या, बाबा. उंदराच्या."

घरात आम्ही बापाला तूच म्हणतो, आणि बाबांनीही लहानपणापासून माझं तोंडावर कधी कौतुक केलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तसं मी शाळेत पहिली आले तेव्हाही पाहिलं नव्हतं. उंदीर त्यांच्या कानापर्यंत पोचलेच नाहीत.

फ्लेक्स लावल्याच्या दिवशी मी घरात पाय ठेवल्या ठेवल्या भांडायला सुरुवात केली. "औषध कुणी शोधलं? स्टेथोस्कोप कुठून आला? आणि फोटो हळदीतलाच का?"

बाबा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "इतकी वर्सं लोक मना इचारत व्हते, पोर म्हातारी व्हाला आली, अजून शाला कशी सुटत नाय. लगीन कवा, लगीन कवा. मी गप ऱ्हायलो. आता बोललो तं तुना लाज वाटतं?"

"वाटतं," मी म्हटलं. "काढ तो."

"कोन काढतो फ्लेक्स?"

हे मात्र खरं होतं. आमच्या गावात फ्लेक्स कुणी काढत नाही. वाढदिवस असो, नेमणूक असो, नाहीतर बैलगाडीची शर्यत जिंकलेली असो, एक लागला की दुसरा त्याच्यावर चढेपर्यंत तो राहतो. मी कुणाच्या तरी वाढदिवसाची वाट बघायला लागले. गावातल्या पुढाऱ्यांच्या जन्मतारखा मला कधी नव्हे त्या माहीत करून घ्याव्याशा वाटल्या.

तोवर ओट्यावर लोक येऊ लागले. पहिली समोरची काकी, दोन्ही गुडघे धरून. मग उरणहून आईची मावसबहीण, जिचा सगळा जन्म मासे विकण्यात आणि बर्फात हात घालण्यात गेला होता. मी प्रत्येकाला सांगत होते, हे औषध नाही, हा अभ्यास आहे, माणसाला अजून कुणी दिलेलं नाही. काकी माझ्याकडे बघून मान हलवायची. "घरच्याना देतंस न् आमाना नाय. ऱ्हाऊदे." शेजारच्या काकांनी तर बाबांकडून कलेजीची गोष्ट ऐकून दर रविवारी कलेजी खायचा नेम धरला. मावशी जाताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "आमचीच पोर, नाय कशी देनार?" तिची बोटं वाकडी होती आणि गार होती. मी आत जाऊन तोंड धुतलं.

कॉलेजातही फ्लेक्स पोचला. कुणीतरी पुलावरून जाताना फोटो काढला आणि आमच्या प्रयोगशाळेच्या ग्रुपवर टाकला. हसण्याच्या खुणा आल्या, टाळ्या आल्या. माझे मार्गदर्शक कधी फार बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलाशी ते म्हणाले, "रामबाण हा शब्द आपण प्रबंधात वापरला होता का हो?" सगळे हसले, मीही हसले. कानशिलं तापली होती. मी बाबांवर इतकी चिडले की आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलले. सकाळी लवकर निघायचं, अंधार पडल्यावर यायचं, म्हणजे नाक्यावर आपलाच चेहरा नीट दिसत नाही, असं मी चालवलं होतं.

पुढचे दोन-तीन महिने बाबांनी पाग टाकली नाही, हे मी पाहिलं होतं. पाग खुंटीवर कोरडी होती. ते सदरा सोडून टी-शर्ट घालायला लागले होते, आणि भात चमच्यानं खात होते. आमच्या घरात माशाचं कालवण चमच्यानं खाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी म्हटलं, "काय रे, साहेब झालास?" ते म्हणाले, "डाक्टरचा बाप हाय ना." मला तो टोमणा वाटला आणि मी ताट उचलून आत गेले.

नवीन पनवेलमधल्या ज्या मेडिकलमधून बाबांच्या गोळ्या येतात तिथं मी एकदा डोकेदुखीची गोळी घ्यायला थांबले. दुकानदार मला ओळखतो. सुटे पैसे देताना तो सहज म्हणाला, "बाबा बरेच दिवस आले नाहीत. आता काय, घरचंच औषध चालू असेल."

मी तिथंच उभी राहिले. मागच्या गिऱ्हाइकानं मला बाजूला व्हायला सांगितलं. चमचा, टी-शर्ट, कोरडी पाग, सगळं एकदम माझ्यासमोर आलं, आणि मी रोज ज्या सुजेची मोजमापं घेते ती माझ्या जेवणाच्या टेबलावर समोर बसली होती हेही कळलं.

घरी आले तर बाबा ओट्यावर, हात लुंगीखाली.

"बाबा, हात दाव."

"काय झाला?"

"हात दाव म्हटलं ना."

त्यांनी हात बाहेर काढले. बोटांची पेरं टरारली होती, उजवी मूठ अर्धीच उघडत होती. मनगट गरम होतं. मी असे पंजे शेकड्यांनी हातात धरले आहेत, पण ते माझ्या तळहातात मावणारे होते.

"रविवारची गोळी कवापासून बंद हाय?"

त्यांनी मनगट माझ्या हातातून सोडवून घेतलं. मग म्हणाले, "फ्लेक्स लागला त्याच आठवड्यान मी दवाखान्यान लायनीन बसलो व्हतो. आपल्या गावचाच एक भेटला. बोलला, पोरीचा अवशीद घरान न् तू हितं नंबर लावून बसलास? म्हंजे फ्लेक्स खोटाच लावलास काय? सगली लायन माज्याकरं बघाला लागली. मी उठून आलो."

"आणि मग?"

"मंग काय. तुजा नाव खोटा पराचा? मी बोललो, आपन थांबू. तुजा अवशीद येल तवर कल काडू."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हींत राग आधी बाहेर पडला. मी ओरडलेच. "माझं औषध तुझ्या जन्मात यायचं नाय, बाबा! कदाचित माझ्याही नाय! ते औषध नाहीच!"

समोरच्या काकीचं दार उघडलं आणि परत लागलं. बाबा आपल्या बोटांकडे बघत होते.

"उंदराना तरी बरा वाटला ना?" त्यांनी विचारलं.

"सूज उतरली थोडी."

"मंग ते आता बरं हायेत?"

"नाय," मी म्हटलं. "मोजून झाल्यावर त्यांना मारावं लागतं. आतला सांधा बघायचा असतो."

बाबांनी मान डोलवली. एवढी वर्षं मी काय करते ते त्यांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट कळलं, आणि मला ते सांगताना त्यांच्याकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून त्यांना दवाखान्यात नेलं. रांगेत आमच्या ओळखीचे होतेच. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले, मी त्यांच्या शेजारी. डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून पाहिला, हातांचा एक्स-रे काढायला लावला आणि बाबांना झापलं. ते म्हणाले, सूज आपण पुन्हा खाली आणू, पण उजव्या हाताच्या दोन बोटांत जे झिजलंय ते परत येणार नाही. मग फाइलवर लिहिता लिहिता त्यांनी मला विचारलं, "तुम्ही काय करता?"

मी सांगितलं.

त्यांनी पेन थांबवलं. "याच विषयात? आणि एकाच घरात राहता?"

त्यांनी ते रागानं विचारलं नव्हतं. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं. बाबाच मध्ये बोलले, "तिचा काय नाय, डाक्टर. मी हात लपवत व्हतो." दुसऱ्याच्या दारात बापानं आपल्यासाठी खोटीनाटी रदबदली करावी, आणि ती खोटीही नसावी, हे मला सोसेना. रिक्षात बसेपर्यंत मी त्यांचा हात धरला नाही, दुखेल म्हणून, आणि मला तो अधिकार वाटेना म्हणूनही.

पुढच्या रविवारी सकाळी मी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर आले. समोरची काकी आणि कलेजीवाले काका आधीच येऊन बसले होते. बाबांनी हात पुढे केला, पण मूठ पुरती उघडेना, म्हणून मी गोळी त्यांच्या तोंडात घातली. काकी पुढं सरकली.

"ह्या काय ता अवशीद? मना पन दे एक."

मी काही बोलणार तोच बाबांनी घोट गिळला आणि म्हणाले, "पोरीचा अवशीद नाय ह्या. डाक्टरचा हाय, पनवेलच्या. रक्त तपासल्याबिगर घ्यावाचा नाय. पोरीचा अजून उंदरान हाय."

"मंग फ्लेक्स?" काका म्हणाले.

"फ्लेक्स मी लावला. माजी चूक. तिनं मना आधीच सांगला व्हता, काढ."

काकी हसली नाही, काका उठून गेले. बाबा ताठ बसून होते. इतकी वर्षं गप्प राहून एकदाच ते गावासमोर माझ्याबद्दल बोलले होते, आणि तेच शब्द आज त्यांनी गावासमोर परत घेतले होते. फ्लेक्स लागला तेव्हा मला वाटलेली लाज या लाजेसमोर काहीच नव्हती. मी रिकामा तांब्या घेऊन आत गेले आणि उगाच घासत बसले.

दुपारी दही आणायला नाक्यावर गेले तर फ्लेक्स नव्हता. मला वाटलं, शेवटी कुणाचा तरी वाढदिवस आला. पण वर दुसरा कुणीच नव्हता. नुसते बांबू होते आणि त्यांना तारेचे तुटके तुकडे लोंबत होते.

घरी आले. बाबा आडवे झाले होते. खालचा ओठ कापला होता आणि त्यावर हळद लावली होती.

"काय झालं ओठाला?"

"तार लागली."

"कुठली तार?"

त्यांनी हात वर करून मला दाखवले, म्हणजे या हातांनी गाठी कशा सुटणार असं. "दातानं सोरल्या. पागंची सवय हाय."

फ्लेक्स खुंटीखाली होता, खाली काढून ठेवलेल्या पागेवर पांघरलेला. धूळ बसू नये म्हणून असेल. त्याची पांढरी बाजू वर होती. मी जवळ गेले तसे बाबा अंथरुणातून म्हणाले, "तोंड आत घातलंय तुजा. कोनाना दिसाचा नाय आता."

तो उलटा करावा, माझं हळद लागलेलं तोंड वर आणावं आणि त्यांना म्हणावं की राहू दे, दिसू दे, असं मला त्या क्षणी फार वाटलं. पण दारातून रस्ता दिसत होता आणि रस्त्यावर माणसं होती. मी हात मागं घेतला आणि त्यांच्या ओठाला लावायला मलम शोधायला गेले.